गुणाजी साळिंदराची चरबी

एका जंगलात, बाळांनो, जिथं रस्ता अजून व्हायचा होता पण वजनाचं यंत्र येऊन पोचलं होतं, तिथं गुणाजी नावाचा साळिंदर राहायचा. शेजारच्या मळ्यातल्या भुईमुगावर तो इतका सुटला की स्वतःच्याच बिळात मावेना.

यात हसण्यासारखं काही नाही. त्या भागात नुकताच एक बिबट्या राहायला आला होता, आणि साळिंदराला बिळाशिवाय आसरा कुठला?

म्हणून गुणाजीने उपास धरला. उपासाला चालतं तेवढंच खायचं. रताळी, कंद, शेंगदाणे. एरवीही तो हेच खायचा, पण आता श्रद्धेने खाऊ लागला. शिवाय रोज सकाळी तळ्याला पाच फेऱ्या.

तळ्याकाठी बगळेगुरुजींचं यंत्र होतं. त्यावर उभं राहिलं की चरबी किती, मांस किती, पाणी किती, सगळं दशांशात कळायचं. पहिल्या दिवशी चरबी अडतीस टक्के आली. दुसऱ्या दिवशी गुणाजी चिखलातून थेट ओल्या पायांनी चढला, तर एकतीस! तो नाचलाच. मग रोज पाय चांगले भिजवूनच चढू लागला. महिन्याभरात आकडा सत्तावीसवर आला. गुरुजींनी तसा दाखलाही लिहून दिला.

त्याची बायको तानूबाई बिळातून म्हणाली, "अहो, एकदा आत शिरून तर बघा."

"बिळाला काय कळतंय?" गुणाजी म्हणाला. "बिळाला दशांश असतो का?"

त्याच आठवड्यात बिबट्या आला. गुणाजी धूम पळाला, बिळात डोकं घातलं आणि पोटाशी अडकला. तानूबाई आतून ओढतेय, हा बाहेर पाय झाडतोय. बिबट्याने मागून हुंगलं, नाकात चार काटे भरून घेतले आणि शिव्या देत निघून गेला.

गुणाजी तीन दिवस तसाच अडकून होता. ना रताळं, ना पाणी. पाय झाडणं मात्र अखंड चालू. चौथ्या दिवशी तो सुळकन आत गेला. तानूबाईला रडूच आलं. किती दिवसांनी नवरा घरात आला होता बिचारीचा.

पण गुणाजी आल्या पावली तळ्याकडे धावला. घाईत पाय भिजवायचे राहिले. घशाला कोरड, पायांना कोरड. चरबी आली एकेचाळीस.

तो तिथंच मटकन बसला. घरात बसून बसूनच वाढली असणार, असं गुरुजींचं मत पडलं. गुणाजीने कानाला खडा लावला आणि पुन्हा रताळ्यांचा कडक उपास धरला.

हल्ली तो बिळाबाहेरच झोपतो. उशाशी सत्तावीसचा दाखला असतो. बिबट्याला वाचता येत नाही, हे तानूबाईचं त्याला दोनदा सांगून झालंय.

तात्पर्य : यंत्राचं आणि शरीराचं पटेनासं झालं, तर शरीर दुरुस्तीला टाकावं.