पंचांना वास देऊन

भाऊराव थूल दारात आलेल्या माणसाला आधी हुंगतात आणि मग ‘बसा’ म्हणतात. पिपरी मेघेत त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि निकाल दिला, “खडू, शाई, अन् सकाळी फोडणीत लसूण जास्त झालता. मास्तर आहा तुमी.” बायको आतून ऐकत होती. लसणाचं तिला अजून लागून राहिलं आहे.

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, आणि थूलकाका दारूबंदी पथकातले निवृत्त हवालदार. सारी नोकरी लोकांच्या दारूचा वास घेण्यात गेली, पण थेंब कधी जिभेवर ठेवला नाही. रोज सकाळी पंचशील म्हणताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलापाशी त्यांचा आवाज असा चढतो की गल्लीतले दोन-तीन जण खिडक्या लावून घेतात. निवृत्त झाले, पण पंचनामा तोंडातून गेला नाही. आमच्याकडच्या वरणाबद्दल ते म्हणत, “रंग पिवळसर, वास बरा, पंचांना वास देऊन खात्री केली.” पंच म्हणजे जप्तीच्या वेळी साक्षीला उभे केलेले दोन बापुडे. “माणूस खोटं बोलते सर,” ते म्हणत, “वास नाई बोलत.”

करोनात काकू गेल्या. त्यानंतर काकांच्या हुंगण्याला एक नवं शेपूट फुटलं. प्रत्येक गोष्टीला त्यांना पंच लागू लागला आणि तो पंच म्हणजे मी. दूध आलं की कुंपणावरून हाक, “सर, या. पंच पायजे.” मी वास घ्यायचा, नासलं की नाही ते सांगायचं, मग ते स्वतः हुंगून म्हणायचे, “बरोबर.” भाजी, गॅसची नळी, धुतलेला सदरा, सगळ्याला मी पंच. रिटायर माणसाचे चोचले म्हणून मी कधी हसलो, कधी वैतागलो. एकदा तर दाढीला साबण लावलेला असताना मला डाळीसाठी बोलावलं.

त्यांना एकच मुलगा, सुमेध. शिकला चांगला आणि पुण्यात एका छोट्या कारखान्यात बिअर बनवायला लागला. पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हा काकांनी दारातच त्याचा शर्ट हुंगला आणि त्याला आत घेतलं नाही. “मी लोकाच्या भट्ट्या फोडल्या,” ते मला सांगत, “अन् माह्या पोरानं भट्टी लावली.” काकू असेपर्यंत बापलेकांचं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. त्या गेल्यावर तेही थांबलं.

मागच्या हिवाळ्यात मी भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलो. सुमेध मला शोधत मांडवात आला. हातात कागदात गुंडाळलेली एक जाड बाटली. “सर, ही ब्राऊन एल, तपकिरी बिअर. लाकडी पिपात वर्षभर मुरवली. बाबासाठी. पिऊ नका म्हणा, फक्त वास घ्या म्हणा. मी फोन करीन, त्याईनं एवढंच सांगावं की काय आहे तिच्यात.” एवढा मोठा बाप्या, पण बाटली देताना त्याने तिच्यावरचा कागद दोनदा नीट केला.

मी काकांना फोन केला. मला वाटलं, आता शिव्या. पण ते म्हणाले, “माल जिल्ह्यात आणू नका. धामणगावले उतरा. मी येतो.” वर्धा नदीच्या पलीकडे धामणगाव, म्हणजे अमरावती जिल्हा, तिथे बंदी नाही. कायद्यातून एवढी वाट त्या माणसाने मुलासाठी काढली, हे पाहून मी गाडीत बसल्या बसल्या हरखून गेलो होतो.

धामणगावला ते इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते. स्टेशनवर बाटली उघडणं गुन्हा आणि रस्त्यावरही गुन्हा, म्हणून आम्ही, जन्मात न प्यालेले दोघे, भरदुपारी परमिट रूममध्ये शिरलो. बाहेरची बाटली चालत नाही, असं मॅनेजर म्हणाला. काकांनी शांतपणे सांगितलं, “मी वर्धा दारूबंदीतून रिटायर आहो.” मॅनेजरने दोन ग्लास, खारे शेंगदाणे आणि फडक्याने पुसलेलं टेबल दिलं आणि तो स्वतः मागच्या दाराने निघून गेला.

बूच उडालं. दोन्ही ग्लासांत तपकिरी, काळ्या चहासारखी बिअर उतरली आणि वर बदामी फेस आला. काकांनी डोळे मिटून ग्लास नाकाशी धरला. मग खाली ठेवला. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. “सर, पंच व्हा,” ते म्हणाले. मी वास घेतला. भाजलेली भाकर, गूळ, आणि खाली कुठेतरी ओल्या लाकडाचा तुरट वास. लाकूड मला ओळखता येईना. तेवढं सांगतोय तोच त्यांचा फोन वाजला.

“रंग तपकिरी,” काकांनी सुरू केलं, “वास भाकरीचा, गुळाचा. लाकडाचा.”

“कोणतं लाकूड, बाबा?” सुमेधचा आवाज मलाही ऐकू येत होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. “साग,” ते म्हणाले.

मग तो हळूच म्हणाला, “जांभूळ, बाबा. आईनं लावलेली. कंपाउंडसाठी तुमी तोडली ना ते. तुमी विहारात गेलते तवा पिपाच्या फळ्या करायले दोन ओंडके नेले मी. मले वाटलं, तुमाले तं बूच उघडल्याबरोबर समजन.”

“सागच आहे,” काका म्हणाले. “भट्टीवाल्याले काय कळते?”

फोन बंद झाला. मी संतापलो. म्हणालो, पोरानं वर्षभर जीव ओतला आणि तुमच्या तोंडून एक गोड शब्द निघेना? पाचवं शील म्हणणाऱ्या त्या माणसाने ग्लास तोंडाला लावला. एक घोट, मग दुसरा. पाण्यात पडलेलं नाणं चाचपावं तसे ते घोट तोंडात घोळवत होते. ग्लास संपवला, माझा नुसता हुंगलेलाही संपवला.

“कडू आहे,” ते म्हणाले. “कडू तेवढं कळते मले.”

पिऊन वर्धा जिल्ह्यात जाणं हाही गुन्हा, म्हणून नशा उतरेपर्यंत आम्ही धामणगावच्या फलाटावर बसून राहिलो. पॅसेंजर आली, गेली. तिथे त्यांनी सांगितलं.

“करोनात गेलं सर, नाक. तिच्याबरोबरच गेलं. परत आलंच नाई. तिचं लुगडं पेटीत ठेवलं आहे. रोज हुंगतो. काई नाई. फडकं हुंगल्यावानी.”

मला एकदम दूध, डाळ, गॅसची नळी, सगळं आठवलं. म्हणालो, “सुमेधला सांगा ना काका. आत्ता सांगा.”

“नाई. आंधळा होतो तसा झालो मी. एकटा राह्यतो, गॅस सुटला तं समजत नाई, हे त्याले कळलं तं तो काम सोडून येईन. आईसारखाच आहे तो. अन् इथं येऊन काय करन? या जिल्ह्यात त्याच्या हाताले काम आहे का?” त्यांनी रिकामी बाटली मांडीवर उभी धरली. “बाप हट्टी आहे, असं वाटू द्या त्याले. हट्टी बापाले सोडून राह्यता येते. तुमी बोलू नका. शपथ आहे.”

मी बोललो नाही. सुमेधने त्यानंतर मला एकदा फोन केला. “बाबाले आईचं झाडही आठवलं नाई, सर,” म्हणाला आणि रडला. आता त्याचा फोन येत नाही. मलाही नाही आणि त्यांनाही नाही.

रिकामी बाटली गुन्हा नाही, म्हणून ती जिल्ह्यात आली. काकांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी बूच लावून ठेवली आहे. संध्याकाळी कुंपणावरून हाक येते, “सर, या. पंच पायजे.” मी जातो. ते बूच काढून बाटली माझ्या नाकाशी धरतात. उन्हाळा उलटला, आता तिला नुसत्या काचेचा वास येतो.

“येते का अजून?”

“येतो, काका.”

“कशाचा?”

“जांभळीचा.”

ते घाईने बूच दाबतात, आतलं उडून जाऊ नये म्हणून.

“पंचाले वास देऊन खात्री केली,” म्हणतात आणि बाटली जागेवर ठेवतात.