एकतीस जून आणि दोन कॅमेरे

कॅमेरा कसा निवडावा हे शिकायचं असेल, तर या माझ्याकडे! आमच्या छापखान्यात बावीस वर्षांत कागदाचा कपटासुद्धा चोरीला गेला नव्हता. मी जातीनं कॅमेरा निवडला, बसवून घेतला आणि आठव्या दिवशी पहिली चोरी झाली. याला म्हणतात निवड!

झालं असं, की शेजारच्या चपलांच्या दुकानात चोर शिरला आणि मांडून ठेवलेले बूट घेऊन गेला. मांडलेले सगळे डाव्या पायाचे होते, ही गोष्ट वेगळी. पण आमचे मालक धसका घेऊन बसले.

"मॅनेजर, कॅमेरा बसवा. कुठला, ते तुम्हीच ठरवा. नाहीतरी नवी शाखा तुम्हालाच सांभाळायची आहे."

नवी शाखा! हे दोन शब्द ऐकण्यासाठी मी चार वर्षं मालकांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतो. बायकोनं तर आमच्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर ही बातमी पोचवलीसुद्धा. अट एकच होती. महिनाअखेरपर्यंत माझ्या हातून एकही चूक छापून बाहेर जाता कामा नये. मागच्या वर्षी एका वकिलाच्या कार्डावर मी दुसऱ्याच वकिलाचा फोन नंबर छापला होता, ते मालक अजून विसरले नव्हते. ते दोन्ही वकीलही विसरले नव्हते.

कॅमेरावाला दोन नमुने घेऊन आला.

"साहेब, हा ॲनालॉग. वायर थेट रेकॉर्डरच्या डब्यात, चित्र टीव्हीवर. नेट गेलं तरी चालतो. फक्त चेहरा जरा अंदाजानं ओळखायचा."

"आणि हा?"

"हा नेटवर्कवाला! मालक घरी बसून फोनवर सगळं बघणार. बघणार काय, वाचणार!"

मी खो खो हसलो. छतावरून कुणी कागद वाचतं होय! टेबलावर दातांच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याची उद्घाटनपत्रिका पडली होती. पाचशे प्रती, मीच तपासलेल्या, मीच पास केलेल्या, दुसऱ्या दिवशी जायला बांधून तयार. त्यातली एक मी वर धरली आणि फर्मावलं, "वाचा!"

त्यानं शिडीवर चढून कॅमेरा छताला अडकवला, फोनवर दोन बोटं फिरवली आणि वर्गात उभं केल्यासारखा वाचायला लागला, "आपणांस कळविण्यास आनंद होतो की दिनांक एकतीस जून रोजी..." तो थांबला. "साहेब, जूनला एकतीस तारीख कधीपासून?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं! मी पत्रिका पाठीमागे लपवली.

"मोठ्यानं काय वाचताय? खाली उतरा!"

त्याच क्षणी माझा निर्णय झाला. जो कॅमेरा पहिल्या पाच मिनिटांत मॅनेजरला पकडतो, तो काय कामाचा? चोर राहिले बाजूला!

सगळ्यांना गोळा करून मी दहा मिनिटं भाषण ठोकलं. नेटचा भरवसा नाही, वायर ती वायर, साधं ते टिकाऊ वगैरे. एरवी पंख्याच्या वेगावरही एकमत न होणारी आमची मंडळी या वेळी एका सुरात "ॲनालॉगच!" म्हणाली. बाइंडिंगवाल्या मावशी दुपारी पुठ्ठ्यांच्या ढिगाला टेकून डोळे मिटतात. डिझाइनवाली मुलगी साडेपाचची बस पकडायला पाचलाच पर्स उचलते. चेहरा अंदाजानं ओळखणारा कॅमेरा म्हटल्यावर सगळ्यांना जणू माहेर मिळालं! बोलला नाही तो फक्त मशीनमन. उंच, शिडशिडीत, सरळ माणूस. गोदामाची किल्ली बावीस वर्षं त्याच्याकडे.

ॲनालॉग बसला. आता राहिला एकतीस जून. डॉक्टरांना मी "शाई अजून ओली आहे" असं सांगून आठवडाभर थोपवून धरलं. पुन्हा छापायचं तर कार्डाचा जाड कागद हवा, आणि तो गोदामातून काढायचा तर वहीत कारण लिहायला हवं. काय लिहिणार? "मॅनेजरला कॅलेंडर येत नाही"? शेवटी एका दुपारी सगळे जेवत असताना मशीनमननं खिळ्याला अडकवलेली किल्ली घेतली, एक गठ्ठा खांद्यावर टाकला, आणि आतल्या खोलीतल्या छोट्या मशीनवर मी स्वतः पाचशे पत्रिका छापल्या. तीस जून! संध्याकाळी त्या रवाना. गोदामाच्या दाराकडे रोखलेला कॅमेरा माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला ओळखून होतो. तो मला ओळखणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मशीनमनच मालकांकडे गेला. "मालक, गोदामात एक गठ्ठा कमी दिसतोय."

मालकांना जणू सण! सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर करडी धुळवड आणि तिच्यातून गठ्ठा घेऊन चाललेली एक आकृती. कॅमेरा कोपऱ्यातला, त्यामुळे आकृती लांबट. माझं जे पोट कुठल्याही पथ्यानं हटलं नाही, ते या कॅमेऱ्यानं पार पुसून टाकलं होतं!

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात मालक म्हणाले, "उंच. शिडशिडीत. आणि किल्ली कुणाकडे असते?"

सगळे मशीनमनकडे वळले.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

तो भांडला नाही, ओरडला नाही. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मालक, बावीस वर्षं झाली. मोजून घ्या एकदा सगळं."

मला लाज वाटली. खरंच सांगतो, नवी शाखा डोळ्यांसमोर असूनही वाटली.

"मालक, तो मी आहे!"

सगळे आता माझ्याकडे वळले. मग मालकांचे डोळे चक्क भरून आले.

"वा, मॅनेजर! सहकाऱ्यासाठी स्वतःवर आळ घेताय? शाखेला असाच माणूस हवा!"

"अहो, खरंच मी आहे!"

मशीनमननं माझे दोन्ही हात धरले. "साहेब, माझ्यासाठी एवढं खोटं नका बोलू."

"खोटं नाही हो! गठ्ठा मीच नेला!"

"तुम्ही?" मावशी माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या. "काहीतरीच तुमचं!"

आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण खरं बोलत होतो आणि माझ्यावर एकाचाही विश्वास बसत नव्हता! शेवटी मालक वैतागले. "ठीक आहे. करून दाखवा!"

मी गोदामाच्या दारात, बाकीचे टीव्हीसमोर. मी गठ्ठा घेऊन चालत गेलो.

"नाही हो," आतून मावशी ओरडल्या, "चोर जरा रुबाबदार होता!"

पुन्हा चाललो.

"त्याची चाल कशी सराईत होती," डिझाइनवाली म्हणाली. "तुम्ही घाबरताय!"

ज्याची नोकरी जात होती तो मशीनमनसुद्धा आता रंगात आला. "साहेब, गठ्ठा उजव्या खांद्यावर! आणि जरा भरभर!"

चौथ्या खेपेला माझा दम उखडला. दाराशी थांबून मी डावा हात कमरेवर ठेवला, कण्हलो आणि टाचेनं दार मागे ढकललं.

"हाच!" आतून एकच गिल्ला झाला. "तोच हात! तीच टाच! हाच चोर!"

टाळ्या पडल्या! मी धावत केबिनमध्ये आलो. इतका आनंद मला लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता. मशीनमनला मिठी मारली, मावशींना नमस्कार केला, आणि मालकांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. मालकांनी मात्र माझा हात सोडला नाही.

"अभिनंदन, मॅनेजर," ते म्हणाले. "आता एवढंच सांगा, कागद नेलात कशासाठी?"

चोर ठरण्याच्या नादात, असा काही प्रश्न येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नवी शाखा आता मशीनमन सांभाळतो, आणि उत्तम सांभाळतो. माझ्या टेबलाच्या बरोबर वर नेटवर्कवाला कॅमेरा बसलाय. अधूनमधून मालकांचा घरून फोन येतो, "मॅनेजर, तिसरी ओळ पुन्हा वाचा." वाचतो. काय करणार, चूक सापडते हो!