अठ्ठावीस प्याशिंजर

गुरुवार, सहलीचा पाचवा दिवस. ठिकाण व्हिएतनाममधलं हनोई, हॉटेलचा तळमजला, सकाळचे आठ. माणशी एक लाख बारा हजार रुपये भरलेले आम्ही एकोणतीस जण न्याहारीला हजर होतो. निपाणीचे अकरा, बेळगावचे चौदा, खानापूरकडचे चार. परशराम आप्पांच्या मोजणीत मात्र अठ्ठावीस.

हा फरक पहिल्या दिवसापासूनचा. बेंगळूरच्या विमानतळावर आप्पांनी आम्हाला पहिल्यांदा मोजलं आणि "एक कमी हाय!" म्हणून ओरडले. टूर मॅनेजर मगदूम मॅडमनी घाबरून पुन्हा यादी वाचली. स्वच्छतागृहांत शोध झाला. वीस मिनिटांनी चूक माझ्या लक्षात आली. मी बेळगावात एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे, बेरीज जुळली नाही तर मला बसवत नाही.

"आप्पा, तुम्ही स्वतःला धरलं नाहीत."

"मला कशाला धरायचं?" आप्पा चकित झाले. "कंडक्टर काय प्याशिंजर असतोय व्हय?"

आप्पा आमच्या गल्लीतले, माझ्या घरापासून तिसरं घर. चौतीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टर होते. कधी कणकुंबीची गाडी, कधी लोंढ्याची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, बायको शांताक्का जाऊन तीन. पुण्याच्या मुलानं सहलीचे पैसे भरले, वर एकट्याच्या खोलीचे जादा अठरा हजार भरले आणि वडिलांना माझ्या हवाली केलं. "काका, तुम्ही शेजारी आहात, जरा लक्ष ठेवा." प्रत्यक्षात आप्पांनीच माझ्यावर लक्ष ठेवलं. माझ्यावर, माझ्या बायकोवर आणि उरलेल्या सव्वीस जणांवर.

देऊळ असो, बाजार असो, आत जाताना अठ्ठावीस, बाहेर येताना अठ्ठावीस. पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभे राहून ते खणखणीत आवाजात विचारत, "आत किती?" आतून उत्तर आल्याशिवाय तिथून हलत नसत. होडीत त्यांनी चुकून एका कोरियन गटाला मोजलं आणि चौदा माणसं जास्त भरली म्हणून होडीच निघू देईनात. आमच्या भागात बस थांबवायला कंडक्टर "होल्डान" म्हणतो आणि सोडायला "राईट". विमान धावपट्टीकडे वळलं तेव्हा आप्पांनी खिडकीखाली दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "राईट!" हवाई सुंदरी धावत आली. हनोईतल्या स्कूटरींच्या लोंढ्यात ते हात वर करून "होल्डान!" म्हणत सरळ उतरायचे. एकही स्कूटर थांबत नसे, पण सगळ्या त्यांना वळसा घालून जात. आप्पांना वाटे, थांबल्या.

मगदूम मॅडम मूळच्या शांत बाई. तिसऱ्या दिवशी त्यांचाही संयम संपला आणि संयम संपला की त्या कानडीवर जातात. "सुम्न कूडरी, आप्पा!" म्हणजे गप्प बसा. आप्पा गप्प बसले, पण बसल्या बसल्या बोटं आमच्याकडे करून ओठ हलवत राहिले.

तर गुरुवार. छापील कार्यक्रमात लिहिलं होतं, 'दिवस पाचवा, मोकळा. शुक्रवारी पहाटे साडेपाचला सामानासह खाली, पुढच्या शहराकडे प्रयाण.' या एका ओळीची मी चार दिवस वाट बघत होतो. कुणाबरोबर जायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी मोजायचं नाही.

आप्पांना हे पटलेलं नव्हतं. "मोकळा दिवस म्हंजे काय? अठ्ठावीस माणसं अठ्ठावीस वाटंनं गेली तर उद्या गाडी कुणाला घिऊन जाणार?" न्याहारी झाल्यावर त्यांनी लिफ्टसमोर खुर्ची मांडली, मांडीवर वही घेतली आणि प्रत्येकाला अडवायला सुरुवात केली. कुठं? कुणाबरोबर? परत कितीला?

"अवो, आम्ही साड्या बघायला निघालोय," निपाणीच्या एक बाई म्हणाल्या.

"हितं साड्या कुठनं आल्या? खरं सांगा."

"बरं, रेशीम बघायला. चार वाजता येतो. लिहा!"

"सव्वाचार लिवतो. बायकांचं चार म्हंजे सव्वाचार."

माझी बायको त्याच घोळक्यातून निघून गेली. मी जिन्याच्या वळणावरून हे बघत होतो. चोपन्न वर्षांचा माणूस, माझ्या सहीशिवाय पतसंस्थेत एक रुपया हलत नाही, आणि मी कुठं जातो हे आप्पांना सांगून जाऊ? मी मागच्या जिन्यानं उतरलो, स्वयंपाकघरातून गेलो, भांडी घासणाऱ्या बाईला नमस्कार केला आणि मागच्या गल्लीत बाहेर पडलो.

दिवस छान गेला. तलावाकाठी बसलो. अंड्याचा फेस घातलेली कॉफी प्यायलो, ती पस्तीस हजार डाँगला, म्हणजे आपल्या सव्वाशे रुपयांच्या आत. साडेचारला मागच्याच दारानं परत आलो आणि पलंगावर आडवा झालो.

पाचला दार वाजलं.

"वसंतराव! हाईसा काय?"

मी बोललो नाही.

"ओ वसंतराव!" पुन्हा तीन थापा. बसच्या पत्र्यावर मारतात तशा.

मी कूस बदलली, तीही आवाज न करता. थोड्या वेळानं पावलं लिफ्टकडे गेली. मला झोप लागली.

सात वाजता खाली जेवायला गेलो. बायको परतल्यापासून खालीच पिशव्या उघडून बायकांना खरेदी दाखवत बसलेली होती. गप्पा रंगात होत्या, कुणीतरी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी फिरवत होतं. मी ताट वाढून घेतलं, दोन घास खाल्ले आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. पहिल्यांदा कळेना. मग कळलं. जेवण सुरू झालं होतं आणि मला कुणी मोजलं नव्हतं.

मी मोजलं. टेबलं पाच, माणसं अठ्ठावीस, मॅडम सोडून, मी धरून.

"आप्पा कुठायत?" मी विचारलं.

"असतील खोलीत," बायको म्हणाली.

मगदूम मॅडमनी खोलीत फोन लावला. कुणी उचलला नाही. आप्पांचा मोबाइल मुलानं दिलेला, पण 'परदेशात उगंच बिल येतंय' म्हणून ते तो बॅगेत बंद करून ठेवत. दोन तास आप्पा नव्हते आणि अठ्ठावीस जणांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. सत्तरीला आलेला माणूस, कानडी, मराठी आणि मोडकं हिंदी एवढ्याच भाषा. मॅडमचा चेहरा उतरला. "पासपोर्ट माझ्याकडं आहेत. पहाटे सगळ्यांना घेऊन निघायचंय. त्यांना टाकून कसं जाऊ?"

लिफ्टसमोर खुर्ची तशीच होती. खुर्चीवर वही. सत्तावीस नावांपुढं जायची वेळ, यायची वेळ, बरोबरच्या खुणा. शेवटचं नाव माझं. त्यापुढं लिहिलं होतं, 'गेल्याली वेळ माहीत न्हाय. पाचला दार वाजवलं. न्हाईत. स्टँडवर बघून येतो.'

मी वही बायकोच्या हातात दिली नाही.

कुठं शोधायचं ते मला माहीत होतं. आप्पांचं एक वाक्य आम्ही पाच दिवसांत निदान पंधरा वेळा ऐकलं होतं, "चुकल्यालं माणूस शेवटी स्टँडवरच येतंय." मॅडमना हॉटेलवरच थांबायला सांगून मी तलावाच्या रस्त्यानं धावत सुटलो. तलावापलीकडच्या मोठ्या बसथांब्यावर आप्पा उभे होते. एक बस येऊन थांबली. आप्पा दाराशी गेले, उतरणारी प्रत्येक व्यक्ती नीट न्याहाळली, शेवटची बाई उतरल्यावर पत्र्यावर दोन थापा मारल्या. "राईट!" आतल्या कंडक्टरनं हसून त्यांना सलाम केला. त्याची आणि आप्पांची ओळख बरीच जुनी झालेली दिसत होती.

"आप्पा!"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आलासा? कुठल्या बशीनं?"

"बसनं नाही. मी खोलीतच होतो." मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "तुम्ही दार वाजवलंत तेव्हाही आत होतो. मुद्दाम बोललो नाही."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. आप्पा थांब्याच्या बाकावर बसले. दोन तास उभ्यानं पाय भरून आले असावेत, गुडघे चोळत राहिले.

"असू दे," ते म्हणाले. "हाईसा न्हवं? मग झालं."

मी शेजारी बसलो. "आप्पा, कशाला एवढं? मी काय लहान आहे?"

"ती बी ल्हान न्हवती."

"कोण?"

"शांता. लोंढ्याला गाडी चहाला थांबलीती. ही उतरली तोंड धुवायला. तिचा पास. पासवाल्याला तिकीट न्हाय, आणि मी तवा तिकिटं मोजायचो. तिकिटं बरोबर भरली. मी बेल मारली. फुडं रामनगरच्या स्टँडवर ध्यानात आलं, आपलंच माणूस न्हाय गाडीत."

"मग?"

"मग काय? गाडी टाकून येतोय व्हय कंडक्टर? परतीच्या फेरीला गेलो, साडेतीन तासानं. स्टँडवरच बसलीती, पिशवी मांडीवर घिऊन." आप्पांनी रस्त्याकडं बघितलं. "भांडली न्हाय ओ. नुसतं म्हणाली, मी तुमच्या मोजणीत न्हाय व्हय?"

समोरून स्कूटरी जात राहिल्या.

"तवापास्नं तिकिटं मोजत न्हाय. माणसं मोजतोय."

मी त्यांना म्हणालो की आप्पा, आज जेवायला अठ्ठावीसच होतो, आणि तुम्ही नाही हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते म्हणाले, "मला कोण ध्यानात ठिवतंय? चला." आणि उठले.

मी टॅक्सीला हात करायला लागलो. आप्पांनी तो हात खाली केला. मघाचीच बस फेरी मारून परत आली होती, दोन थांब्यांवर हॉटेल. आप्पा चढले आणि सवयीनं दारातच उभे राहिले. मी त्यांना दंडाला धरून आत आणलं आणि खिडकीशी बसवलं. कंडक्टर आला. आप्पांकडं बघून त्यानं मान हलवली, पैसे नकोत अशी खूण केली. मी ऐकलं नाही. दोन बोटं दाखवली.

माणशी दहा हजार डाँग, दोघांचे वीस हजार, हनोईच्या त्या कंडक्टरला रोख दिले. त्यानं दोन तिकिटं फाडली. आप्पांनी ती माझ्या हातातून घेतली, उजेडाकडं धरली, एकावर एक ठेवली, परत सुटी केली आणि मोजली.

"दोन," ते म्हणाले.