शहाडच्या थंडीवर उपाय

थंडी सांगून येत नाही, म्हणून शहाण्या माणसाने ती येण्याआधीच तयारीत असावं. शहाडमध्ये ती सांगून येत नाही आणि न सांगताही येत नाही, ही गोष्ट वेगळी. पण तेवढ्यासाठी तयारी सोडून देणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे, असं उत्तमराव चौबळांचं स्वच्छ मत होतं.

उत्तमराव एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे ते सुरक्षा विभाग सांभाळायचे आणि त्यांच्या कारकिर्दीत एकही अपघात झाला नाही (पूर्ण तयारी झाल्याशिवाय ते यंत्र सुरूच करू देत नसत).

लग्न झालं तेव्हा त्यांनी हेमांगीताईंना बर्फ दाखवायचं कबूल केलं होतं. त्या वर्षी रजा मिळाली नाही, म्हणून माथेरानवर भागलं. पुढच्या वर्षी सासूबाईंचा मोतीबिंदू निघाला, त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी समीक्षा जन्मली, मग तिची दहावी, बारावी, लग्न, बाळंतपण. अखेर गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी हेमांगीताईंच्या गुडघ्यांचा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "फिरायचं असेल तर वर्षा-दोन वर्षांत फिरून घ्या." येताना रिक्षात हेमांगीताई म्हणाल्या, "अहो, मला बर्फ बघायचाय. आता पुढच्या वर्षी म्हणू नका."

उत्तमरावांना भरून आलं. अगदी खरं आलं. त्यांनी ठरवलं, या खेपेस कसर ठेवायची नाही. रेल्वेचं तिकीट काढून हॉटेलात उतरणं हा बेसावध लोकांचा मार्ग झाला. त्यांनी शाळेने मोडीत काढलेली बस घेतली, बाकं उपटली, पलंग, ओटा आणि संडास बसवला आणि सोसायटीच्या आवारात फिरतं घर उभं केलं. पडदे हेमांगीताईंनी स्वतः शिवले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सहज निघता आलं असतं. चकलीचा डबासुद्धा गाडीत जाऊन बसला होता.

पण ऐन निघायच्या तोंडावर उत्तमरावांनी विचारलं, "आणि उबेचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर एका परदेशी दाढीवाल्याकडे होतं. त्या उत्तराचं नाव रॉकेट मास हीटर. चार काटक्या विटांच्या नळीत उभ्या करून पेटवायच्या. ज्वाळा रॉकेटसारखी घरघरत धुराड्यात चढते, वर उपड्या घातलेल्या पिंपावर आपटते आणि गरम धूर माती-दगडांच्या लांबलचक कट्ट्यातून फिरून मग बाहेर पडतो. कट्टा रात्रभर गरम राहतो. कट्टा जितका जड, तितकी ऊब जास्त. हे शास्त्र आहे. या वजनाबद्दल बसला काय वाटेल, हे शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

मोहने गावातल्या भंगारवाल्याकडून भट्टीच्या विटा आल्या, आंबिवलीहून पिंप आलं, उल्हास नदीच्या काठची माती आली. माती तुडवायला ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद पायजमे वर खोचून उभे राहिले (त्यांपैकी एकानेही स्वतःच्या घरी चहाची बशी विसळलेली नाही). हेमांगीताईंना गुडघ्यांमुळे तुडवता येईना, म्हणून त्या चहा करत होत्या. कट्टा पावणेदोन टनांचा झाला आणि बस डावीकडे कलली. उत्तमराव डगमगले नाहीत. तोल साधायला त्यांनी उजवीकडेही तसाच कट्टा घातला.

सोसायटीचा सेक्रेटरी सुदेश बघायला आला.

"काका, गाडी चार बोटं खाली गेली. मी काल आलेलो तेव्हा दोनच बोटं होती."

"बसतेय रे. नवं बांधकाम बसतंच."

मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि तो म्हणाला, "काका, कसारा घाट सोडा, ही गेटसुद्धा चढणार नाय." तेव्हा टायर उगाच दबून खराब नकोत म्हणून ते काढून माळ्यावर ठेवले आणि बस चिऱ्यांवर टेकवली. वाहनपूजेला आलेल्या गुरुजींना लिंबू ठेवायला चाकच सापडेना. त्यांनी लिंबू पिशवीत परत टाकलं आणि वास्तुशांत सांगितली.

सोसायटीनेही ठराव केला: 'सदर वाहनास चूल व छप्पर असून ते हलत नसल्याने त्यास घर समजण्यात यावे, तथापि ते पार्किंगमध्ये उभे असल्याने त्यास वाहनही समजण्यात यावे, व दोन्ही आकार वसूल करण्यात यावेत.' एवढा समतोल ठराव या सोसायटीत पूर्वी झाला नव्हता.

"अहो, आपण निघायचं कधी?" हेमांगीताईंनी विचारलं.

"अगं, चाचणी नको का? न तपासलेली चूल घेऊन बर्फात जायचं म्हणजे आत्महत्या!"

चाचणीत एकच अडचण होती. मार्च लागला होता आणि बाहेर अडतीस अंश होते. चूल पेटवली की बस तापायची, पण चूल न पेटवतासुद्धा तापायची, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते कळेना. पारखायची तर ऊब थंडीतच पारखायला हवी. म्हणून उत्तमरावांनी बसमध्ये दीड टनाचा एसी बसवला. कट्टे साडेतीन टनांचे असल्याने हा दोन टनांनी कमी पडतो, असं संघाच्या खजिनदारांनी निदर्शनास आणलं, तेव्हा दुसरा बसवला. चूल पेटलेली असताना खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर माणूस गुदमरतो. खिडकी उघडली की शहाडचा उकाडा आत यायचा. त्यासाठी एसी वाढवायचा. एसी वाढवला की हुडहुडी भरायची, त्यासाठी काटक्या वाढवायच्या. अशा रीतीने प्रत्येक वस्तूला काम मिळालं आणि कुठलीच वाया गेली नाही.

आणि चूल उत्तम चालली! अख्खा संघ माकडटोप्या घालून, शाली लपेटून कट्ट्यावर बसू लागला. वरून गार, खालून गरम. "काय आल्हाद आहे हो," असं म्हणून मंडळी देश कुठे चालला आहे यावर बोलत. बस कुठे चालली आहे, हे कुणी विचारलं नाही.

हेमांगीताईंनी एप्रिलमध्ये पुन्हा एकदा विचारलं. चाचणीचा दुसरा टप्पा बाकी होता. माळ्यावरून टायर बाजूला सारून त्यांनी मागची सुटकेस काढली आणि शेजारच्या नीरजाबरोबर बायकांच्या सहलीला निघून गेल्या. चकलीचा डबाही घेऊन गेल्या.

आठवड्याने त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मनालीच्या पुढे कुठेतरी त्या काठी टेकून उभ्या होत्या. मागे नुसता पांढरा डोंगर, आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

"थंडी आहे का गं?" उत्तमरावांनी कट्ट्यावरून विचारलं.

"आहे ना! म्हणून तर आलेय."

"आणि हीटर?"

"हॉटेलात रजई देतात. पुरते." मग त्यांनी वाकून मूठभर बर्फ उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. "तुम्ही हवे होतात हो. सोमवारी दुसरी बॅच निघतेय, तिच्याबरोबर या ना. नीरजा आणि मी थांबतो."

साडेतीन टनांच्या ऊबदार कट्ट्यांमध्ये बसून उत्तमरावांना एकदम एकटं वाटलं. जावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"येतो," ते म्हणाले. "फक्त जरा तयारी करतो." मग त्यांनी चुलीत एक काटकी सारली आणि एसी दोन अंशांनी खाली आणला.

सोमवारी बॅच गेली. उत्तमराव तिच्यात नव्हते. पुढच्या वर्षी मात्र नक्की.

वाचकांना हसू आलं असेल तर खुशाल हसावं. मात्र हसताना अंगावरची गोधडी सरकली असेल, तर ती नीट ओढून घ्यावी, कारण आपल्याही खोलीतला एसी अठरावर आहे. आणि त्याच गोधडीखाली शेजारी जे माणूस झोपलं आहे, त्याला आपण कधीतरी कुठे न्यायचं कबूल केलं होतं, ते आठवतंय का पाहावं. तयारी कुठवर आलीय?