चालणारे, सायकलवाले आणि डोमाजी

डोमाजी मेश्रामला रस्त्यात नमस्कार केला तर तो उत्तर देत नसे. पिशवीतला एक चिंचोका काढून खिशात टाकत असे. पायी जाणाऱ्याचा डाव्या खिशात, सायकलवाल्याचा उजव्या.

भिलाईत कारखाना उभा राहत होता. पावर हाउसकडून येणाऱ्या रस्त्याला फुटपाथ किती रुंद हवा, सायकलींना वेगळी पट्टी हवी का, हे ठरवण्यासाठी आमच्या ऑफिसने मोजणी लावली होती. माणसं डोमाजी मोजत असे, आकडे मी जुळवत असे.

त्याचं पालुपद एकच: "मोजणीत बोलणं नाही." एकदा इंजिनिअर साहेबांनी जीप थांबवून काम कसं चाललंय, असं विचारलं. त्यांनाही तेच ऐकावं लागलं. वर, "जीप पुढं घ्या जी, मागचे लोक दिसून नाही राहिले."

पंक्चर सायकल ढकलत नेणाऱ्याला कशात धरायचं, यावरून आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, पायी.

"कावून जी? पंचर निघाल्यावर थो पायदळ येईन का?"

"आज तर पायीच चाललाय ना?"

"मंग त्याच्या हातात का बकरी आहे का, बाबू?"

दुसऱ्या दिवशी तो शर्टाला तिसरा खिसा शिवून आला. मी मुकाट्याने तक्त्यात तिसरा रकाना आखला.

दुपारच्या सुट्टीत त्याची बायको वच्छला कामगारांच्या कॅम्पातून डबा घेऊन चालत येई. जेवण होईपर्यंत ती सारखी बोलत असे, आणि हा हूं हूं करत सगळं ऐकत असे.

यथावकाश मोजणी संपली. आकडे पक्के होते, फेरमोजणीला जागा नव्हती. डोमाजीला कारखान्याच्या आत, स्टोअरमध्ये नेमलं. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. मी म्हटलं, चहा पाज.

"बाबू, मले रस्त्यावरच ठेवा."

"उन्हात?"

"आतमंदी बायकोले कोन येऊ देईन?"

"डबा सकाळीच घेऊन येत जा."

"डब्याचं नाही जी. आमच्या एका बाजूले तेलुगू, दुसऱ्या बाजूले पंजाबी. लोक चांगले आहेत, पर हिले हिंदी येत नाही. दिवसभर तोंड बंद. इथं येते तवा बोलते."

खोटी मोजणी मी लावणार नव्हतो. पण उतईच्या रस्त्याची मोजणी खरोखरच बाकी होती. ती नंतर कधीतरी व्हायची होती. मी साहेबांकडे जाऊन ती सोमवारपासून धरायला लावली आणि तिच्यावर डोमाजीचं नाव घालून घेतलं.

त्याला सांगितलं. आभार वगैरे काही नाही. त्याने एवढंच विचारलं, "तिकडं झाड आहे का?"

"ऑफिसातली छत्री देऊ?"

"मले टोपी आहे," तो म्हणाला. "सावली नसली तं बायको डबा देऊन लवकर वापस जाईन."