नऊशे नव्याण्णव आणि एक खोळ

निरीक्षकांचा कॉम्प्युटर अकराव्या मुद्द्यावर मेला.

"मेला! अगं, पुन्हा मेला!"

शिलाई मशीनवर बसलेल्या बायकोने पायही न थांबवता विचारलं, "कोण?"

"कॉम्प्युटर!"

"मग जरा हळू मरू द्या त्याला. शेजारच्या काकू धावत येतील."

निरीक्षक म्हणजे वजनमाप खात्याचे निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि निवृत्तीनंतर माणसं तपासायला घेतली. त्यासाठी त्यांना इंटरनेटवर 'मदतकट्टा' सापडला. ज्याचा कॉम्प्युटर रुसला असेल त्याने तिथे प्रश्न टाकायचा, जाणकारांनी फुकट उत्तर द्यायचं, आणि विचारणाऱ्याने 'सुटला' हे बटण दाबलं की जाणकाराच्या नावावर एक प्रश्न जमा व्हायचा. कट्ट्यावर निरीक्षकांचं नाव होतं 'अचूक'. नावाशेजारी फोटो स्वतःचा नव्हता, पितळी दोन किलोच्या वजनाचा होता. निरोप समारंभात मिळालेलं, दांडीला एका बाजूने पोचा पडलेलं. जमा प्रश्न नऊशे नव्याण्णव.

हजार ज्याचे आधी भरतील, त्याला कट्ट्याचं मुख्य सल्लागारपद. त्यात मान सोडला तर काही मिळत नव्हतं. पण खुर्ची सुटलेल्या माणसाला मान म्हणजे काय, हे खुर्ची सुटल्याशिवाय कळत नाही.

अडचण एकच होती. 'पेचकस' नावाच्या कुणा इसमाचेही नऊशे नव्याण्णव झाले होते. निरीक्षकांना तो मनापासून आवडत नसे. निरीक्षक अठरा मुद्द्यांत उत्तर द्यायचे. हा पठ्ठ्या एका ओळीत. निरीक्षकांनी कट्ट्याला एकोणीस नियम लिहून दिले होते; त्याखाली याने फक्त 'बरं' असं लिहिलं होतं.

आज सकाळपासून निरीक्षकांनी तीन प्रश्नांना उत्तरं द्यायला घेतली. एका बोटाने टाइप करत ते दहाव्या-अकराव्या मुद्द्यावर आले की कॉम्प्युटर फटकन बंद. लिहिलेलं सगळं पाण्यात. तिन्ही प्रश्नकर्ते वाट पाहून कंटाळले आणि आपापल्या भाच्यांकडे गेले. पेचकस बहुधा बाहेर होता, म्हणून अब्रू शिल्लक होती.

निरीक्षकांनी जेवणाच्या टेबलावर कॅबिनेट उघडून ठेवलं. केबली काढून लावल्या. मेमरीची पट्टी खोडरबराने पुसली. पंखा फिरवून पाहिला. मग सुरू करून घड्याळ लावून पाच मिनिटं पाहिलं. यंत्र घरजावयासारखं सुखात चालत होतं.

"बघ! दुरुस्त!" त्यांनी टाळी वाजवली.

"आणि हे चार स्क्रू उरले ते?"

"जादा असतात."

कॅबिनेट बंद झालं, जागेवर गेलं, खोळ चढली, वर पितळी वजन बसलं. निरीक्षकांनी चौथा प्रश्न उघडला. पहिला मुद्दा, दुसरा... बाराव्यावर फटकन अंधार.

"हा अंगचोर आहे," निरीक्षक घाम पुसत म्हणाले. "साहेब समोर उभा असला की काम करतो. पाठ वळली की झोपतो."

"तुमच्या हाताखालचे कारकून असंच करायचे ना?"

"विचारू नकोस. आणि तिकडे तो पेचकस आला असेल!"

"मग त्यालाच विचारा की."

निरीक्षकांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू तिने तराजूच्या काट्याला चुंबक लावलं होतं. पण दहा मिनिटं येरझारा घातल्यावर हिशोब तोच निघाला. स्वतःच्या नावाने विचारणं शक्य नव्हतं. 'अचूक' नावाच्या माणसाचा कॉम्प्युटर बंद पडतो हे कळलं तर कट्ट्यावर आठवडाभर हसू पुरलं असतं. शिवाय चोवीस अक्षरांचा पासवर्ड त्या मेलेल्या यंत्रातच होता. कागदावर लिहू नये, हा नियम क्रमांक नऊ.

"तुझा मोबाइल दे. तुझ्या नावाने नवं खातं काढू."

"माझं नाव मी ठेवणार," बायको म्हणाली, आणि 'सुईदोरा' या नावाने कट्ट्यावर दाखल झाली.

निरीक्षक सांगू लागले, "लिही. आमचा संगणक अकस्मात निपचित पडतो..."

बायकोने लिहिलं, "आमचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतो हो. घरचे हैराण. कुणी सांगाल का?"

क्षणात उत्तर आलं. पेचकस! "सुईदोरा ताई, नियम क्रमांक तीन वाचा. 'सारखा' असं मोघम लिहू नये. किती मिनिटांनी?"

"माझाच नियम मला दाखवतो!" निरीक्षक कडाडले.

"नियम बरा आहे," बायको म्हणाली आणि लिहिलं, "वीसेक मिनिटांनी."

"उघडून पाहिलात?"

"पाहिलं. उघडा असला की छान चालतो. मिटला की बंद."

"मिटल्यावर वेगळं काय करता?"

"वेगळं काय? खोळ घालतो."

"हे कशाला लिहिलंस!" निरीक्षक ओरडले. "खोळीचा काय संबंध?"

खोळ कालच तयार झाली होती. धूळ हा यंत्राचा पहिला शत्रू, असं कट्ट्यावर तीनशे वेळा लिहिल्यावर निरीक्षकांनी स्वतः मापं काढून दिली होती, मिलिमीटरमध्ये. बाहेरून रेक्झीन, आतून फ्लॅनेलचं अस्तर, बटणापुरतं एक काज, आणि कुठूनही हवेचा कण शिरणार नाही अशी दुहेरी शिवण. हे सगळं औषध म्हणून केलेलं. रोगाच्या यादीत औषधाचं नाव कोण शोधणार?

"कसली खोळ? फोटो पाठवा," पेचकसने लिहिलं.

आपल्या शिवणाचा फोटो कुणी मागितला, असं बायकोच्या संसारात प्रथमच घडत होतं. निरीक्षक "थांब, थांब" म्हणेपर्यंत तिने पडदा सारून, उजेड घेऊन, फोटो काढून पाठवलासुद्धा.

निरीक्षकांनी तो फोटो पाहिला. चारी बाजूंनी बांधलेलं, वरून दोन किलोने दाबलेलं ते गाठोडं पहिल्यांदाच परक्याच्या नजरेने पाहिलं. त्यांचा चेहरा पडला आणि पुढच्याच क्षणी उजळला.

"हवा!" ते किंचाळले. "त्याला श्वास नाही गं! तापतो आणि बंद पडतो! मला उत्तर सापडलं!"

"मग लिहू?"

"तू नको! मी लिहितो! 'अचूक' लिहिणार! हाच माझा हजारावा!"

वजन उडालं, खोळ उडाली, बटण दाबलं गेलं. "लवकर, लवकर रे बाबा," असं म्हणत निरीक्षक यंत्राला घोड्यासारखं थोपटत होते. स्क्रीन उजळली. कट्टा उघडला. सुईदोराचा प्रश्न समोर, पेचकसचं उत्तर अजून नाही! एकच ओळ पुरली असती. एकच शब्दही चालला असता. पण तीस वर्षांची सवय बोटाला अशी सोडते थोडीच? निरीक्षकांनी लिहिलं: "मुद्दा पहिला. सर्वप्रथम उष्णता म्हणजे काय, हे समजून घेऊ."

चौथ्या मुद्द्यावर शेजारी बायकोचा मोबाइल टिंग वाजला.

"'खोळ काढा, ताई,'" तिने वाचून दाखवलं. "'आणि वरचं वजनही.' किती थोडक्यात सांगतो हो हा!"

"हात लावू नकोस! बटण दाबू नकोस!"

"नियम क्रमांक सात," बायको म्हणाली. "'सुटला हे बटण चोवीस तासांत न दाबणारा कृतघ्न समजला जाईल.' तुम्हीच लिहिलंय ना? मला कृतघ्न म्हणवून घ्यायचं नाही."

आणि तिने दाबलं.

कट्ट्यावर अभिनंदनाचा पाऊस पडला. मुख्य सल्लागार पेचकस यांनी सगळ्यांना मिळून एकदाच लिहिलं, "बरं." निरीक्षक भिंतीकडे पाहत बसले. कॉम्प्युटर मात्र उघड्या अंगाने गुरगुरत चालत होता. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली.

तेवढ्यात सुईदोराला खासगी निरोप आला. "ताई, शिवण एक नंबर आहे. हवेच्या जागा मोकळ्या सोडून मला एक खोळ शिवून द्याल का? रात्री झाकायला. आणि त्या पोचा पडलेल्या वजनाच्या मालकांना माझा नमस्कार. उत्तराचे चार मुद्दे झाले असतील, बाकीचे चौदा वाचायला आवडतील."

बायकोने निरोप दोनदा वाचला, एकदा मोठ्याने. मग कट्ट्यावर नवा प्रश्न टाकला: "कॉम्प्युटरच्या खोळीला हवेसाठी जागा कुठे आणि किती सोडावी?"

निरीक्षक खुर्चीतून उसळले. पट्टी आणली, कॅबिनेटच्या जाळ्या मोजल्या, मिलिमीटर मांडले. या वेळी उत्तर तीनच ओळींचं होतं. पाठवलं. पेचकस गप्प होता. दुसरं कुणीही नव्हतं.

"दाब!" निरीक्षक श्वास रोखून म्हणाले. "सुटला ना? दाब की गं!"

बायकोने चष्मा पुसला. मोबाइल मशीनच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

"चोवीस तास आहेत ना?" ती म्हणाली. "आधी जेवणाचं टेबल मोकळं करा. आणि ते चार स्क्रू कुठले, तेवढं शोधून काढा."