उंची चहा, लाल कोंबडा छाप

चर्चच्या पाळकांना गायला कसं लावायचं, हे आख्ख्या खोऱ्यात एकाच माणसाला कळतं. मला!

आमच्या वेल्सच्या चॅपलांत, म्हणजे छोट्या चर्चांत, प्रवचन बोलण्यानं सुरू होतं आणि देवाची कृपा झाली की गाणं होऊन संपतं. तो सूर चढला की माझ्या डोळ्यांना धारा लागतात! पण मे महिन्यात आलेल्या पाळकांनी सगळं प्रवचन रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं वाचलं. का? आधी आम्ही पाजलेला चहा! चहा कसला, भांडी विसळलेलं पाणी!

आता सुगीच्या सभेला येणार होते नामवंत पाळक टुडनो प्रॉसर. त्यांच्या सुरानं म्हणे खिडक्यांच्या काचा थरथरतात. मरण्याआधी एकदा ऐकावं, एवढीच माझी इच्छा.

"त्यांना अस्सल दार्जिलिंग पाजू," मी चॅपलच्या पंचांपुढे जाहीर केलं.

"आणि पैसे तुझा काका देणार?" पंचांतला हॉपकिन म्हणाला. आमची कोळशाची खाण आठवड्यातून तीनच दिवस चालत होती, मजुरीही तेवढीच.

"फुकट! लाल कोंबडा छाप सिगारेट. चार पेनीत दहा आणि आत कुपन. दोनशे कुपनं पाठवली की चहाचा डबा घरपोच!"

"दोनशे पाकिटं? महिन्याभरात? ओढणार कोण?"

"आपण! देवाच्या कामाला नाही म्हणतोस?"

हॉपकिननं खिसा चाचपून चार पेनी बाहेर काढल्या.

खाणीत काडी पेटवायला सक्त बंदी. त्यामुळे माणसं वर आली रे आली, की धुराडी पेटायची. गायकमंडळीतले खर्जवाले तर दोन-दोन एकदम ओढत. ऐंशीच्या मार्गेडआजीनंही सुरुवात केली.

"आजी, तुम्ही कशाला?"

"स्वर्गात विचारलं तर काय सांगू, एमरिस? नुसती बघत बसले होते?"

माझी बायको ऑलवेन तेवढी वैतागली. "प्रभूच्या नावानं फुंकताय, निदान खिडकी तरी उघडा!"

चहा आला, पण ओढायची सवय काही सुटेना; नवी कुपनं साठतच राहिली. काय तो वास! प्रॉसरसाहेबांपुढे मी स्वतः कप धरला.

"प्रवचनाआधी मी फक्त कोमट पाणी घेतो," ते म्हणाले.

एक महिना! दोनशे पाकिटं! कोमट पाणी!

पण ते उभे राहिले, बोलू लागले आणि सूर आपोआप चढू लागला. काच थरथरली! माझे डोळे भरले. इतक्यात हॉपकिन खोकला. मग खर्जवाले. मग मार्गेडआजी. बघता बघता दोनशे पाकिटं एकदम खोकू लागली! साहेबांचं तोंड हलताना दिसत होतं, एवढंच.

"अरे, गप्प बसा रे!" असं मी ओरडणार होतो. तोंड उघडलं आणि सगळ्यांत मोठा खोकला माझाच निघाला.

साहेबांनी घाईघाईनं आमेन म्हटलं. नंतर मला कोपऱ्यात घेतलं आणि नाकानं हुंगलं.

"इथे लाल कोंबडा ओढतात वाटतं?"

मी मान खाली घातली. "चुकलं, साहेब."

"कुपनं उरलीत का हो? मीही साठवतोय, घड्याळ मिळायला अठरा कमी पडताहेत!"

उरलेली सगळी दिली. साहेब इतके खूश झाले की स्टेशनापर्यंत खुल्या गळ्यानं गात गेले. अगदी तोच सूर!

मीही गेलो की मागोमाग. खोकत!